‘डिसऑनर्ड 2’ : समीक्षकांनी उचलून धरला, खेळाडूंनी सुनावलं, मग खरं कोणाचं?

प्रश्न : दादा, मी नागपूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या अंकासाठी ‘डिसऑनर्ड 2’ या लपतछपत खेळायच्या व्हिडिओ गेमवर मराठीत परीक्षण लिहायचं आहे. जुनी परीक्षणं काढून वाचली तर बहुतेकांनी भरभरून गुण दिलेत. त्याच आठवड्यातल्या पीसीवाल्यांच्या प्रतिक्रिया वाचल्या तर लोक पैसे परत मागताहेत. एकाच गेमबद्दल एवढा फरक काहून? आणि मी विश्वास कोणावर ठेवू?

उत्तर :

दोघांवरही ठेव. फक्त कोण कशाबद्दल बोलतोय हे आधी वेगळं कर.

मी पंधरा वर्षांहून जास्त काळ गेमच्या चाचणीचं काम करतो आहे. आधी पुण्यात, मग हैदराबादेत, आणि 2015 पासून नागपुरात घरूनच. या कामात एक सवय अंगी भिनते. ‘गेम बिघडला’ असं कोणी म्हणालं की आम्ही लगेच विचारतो : कुठल्या मशीनवर, कुठला पॅच (दुरुस्तीचा अपडेट) टाकून, आणि नेमकं काय करत असताना? परीक्षण वाचतानाही मी हेच विचारतो. ‘डिसऑनर्ड 2’ च्या बाबतीत हे विचारल्याशिवाय काहीच उलगडत नाही.

आधी तो आठवडा समजून घे. गेम 11 नोव्हेंबर 2016 ला पीसी, प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वनवर आला. ऑक्टोबरच्या शेवटी प्रकाशक बेथेस्डाने जाहीर केलं होतं की परीक्षणासाठीच्या प्रती आता प्रकाशनाच्या जेमतेम एक दिवस आधी मिळतील. त्याच वर्षी मे महिन्यात ‘डूम’ च्या प्रतीही उशिरा गेल्या होत्या आणि तरी तो गेम गाजला, हा त्यांचा दाखला. दुसरीकडे, आगाऊ नोंदणी केलेल्या गिऱ्हाइकांना गेम 10 तारखेलाच उघडणार होता. म्हणजे परीक्षण लिहिणारा आणि पैसे मोजणारा, दोघांच्या हातात गेम एकदमच पडला. कोणीतरी आधी जाऊन पाण्याचा अंदाज घ्यायचा आणि मागच्यांना सांगायचं, हे समीक्षकाचं काम. त्या आठवड्यात ते काम करायला त्याला वेळच मिळाला नाही. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

नागपुरात तो आठवडा वेगळ्याच कारणाने लक्षात राहिला. 8 तारखेच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या होत्या आणि सीताबर्डीला एटीएमपुढे रांगा होत्या. धरमपेठेत माझ्या एका मित्राचं गेमिंग पार्लर होतं. पोरांकडे तासाचे पैसे द्यायला सुटे नव्हते, त्यामुळे पार्लर ओस पडलेलं. मित्राने गेमची डिस्क मागवली आणि आम्ही सलग चार रात्री प्लेस्टेशनवर बसलो. मी हरखून गेलो होतो. सकाळी घरी येऊन पीसीवाल्यांच्या तक्रारी वाचायचो तेव्हा वाटायचं, लोक वाढवून सांगताहेत. ते माझं चुकलं. ज्या मशीनवर ते खेळत होते त्या मशीनवर मी खेळलोच नव्हतो.

पीसीवर खरोखर अडचण होती. इंजिन म्हणजे गेम ज्यावर उभा राहतो ते मूळ सॉफ्टवेअर. पहिला ‘डिसऑनर्ड’ (2012) अनरियल इंजिन 3 वर बांधलेला होता. दुसऱ्यासाठी गेम बनवणाऱ्या आर्केन कंपनीच्या फ्रान्समधल्या लियाँ इथल्या स्टुडिओने ‘व्हॉइड’ नावाचं नवं इंजिन वापरलं. ते इड टेक या आधीच्या इंजिनच्या पायावर उभं होतं. शिफारस केलेलं ग्राफिक्स कार्ड होतं जीटीएक्स 1060, सोबत 16 जीबी रॅम. एवढं असूनही, किंबहुना याहून दणकट मशीन असूनही, लोकांना फ्रेम रेट, म्हणजे पडद्यावर सेकंदाला येणाऱ्या चित्रांची संख्या, गडगडताना दिसत होता. माऊस जड लागतो, कॅमेरा फिरवताना चित्र अडखळतं, अशा तक्रारी होत्या. कंपनीने अडचण मान्य केली, पुढच्या आठवड्यांत पॅच आले आणि परिस्थिती हळूहळू सुधारली.

आता एक गोष्ट जी बहुतेक परीक्षणांत नीट सांगितली गेली नाही. सरासरी फ्रेम रेट पाहून काहीच कळत नाही. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला साधारण 16.7 मिलिसेकंद. समज, 40 फ्रेम बिनबोभाट वेळेत आल्या आणि मधेच एकीने 80 मिलिसेकंद खाल्ले, तर सरासरी फार पडत नाही, पण हाताला ठेच लागते. धडाधड गोळ्या झाडायच्या गेममध्ये अशी ठेच माणूस सोसतो. इथे तू खांबाआड उभा आहेस, पहारेकरी वळण्याची वाट बघतोयस, आणि तो वळला त्याच क्षणी समोरच्या कठड्यावर ‘फार रीच’ (लांबवर झेप घ्यायची शक्ती) टाकायचं आहे. नेमकी तिथे ठेच लागली तर निशाणा हुकतो, पायांचा आवाज होतो, घंटा वाजते, आणि वीस मिनिटांचा संयम पाण्यात. म्हणून लपून खेळायच्या गेममध्ये तांत्रिक दोष हा ‘फक्त तांत्रिक’ कधीच नसतो. त्या खेळाडूंचा राग मला आता पूर्ण कळतो.

मग गुण एवढे चांगले कसे? त्यात आकडे गोळा करण्याच्या पद्धतीचाही हात आहे. मेटाक्रिटिक हे परीक्षणांचे गुण गोळा करणारं संकेतस्थळ प्रत्येक मशीनसाठी वेगळी सरासरी काढतं आणि परीक्षणाचा पहिला छापलेला आकडाच धरतं. नंतर समीक्षकाने मत बदललं तरी तिथला आकडा हलत नाही. दुसऱ्या बाजूला स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाने मे 2016 पासून ‘अलीकडची मतं’ आणि ‘एकूण मतं’ वेगळी दाखवायला सुरुवात केली होती, त्यामुळे पहिल्या दिवसांचा संताप दुकानाच्या दारातच दिसायचा आणि पॅचनंतरचं समाधानही दिसायचं. तू आज जे वाचतोयस त्यातला एक आकडा नोव्हेंबर 2016 मध्ये गोठलेला आहे आणि दुसरा पुढे वाहत गेलेला आहे. दोन्ही शेजारी ठेवून तुलना केली तर फसशील.

हे झालं मशीनचं. आता गेमकडे येतो, कारण मला खरं बोलायचंय ते त्याबद्दल.

लहानपणी आपण सगळेच लपंडाव खेळलो. माझं आजोळ महालात, जुन्या वाड्यात. पुढे ओसरी, मधे चौक, मागे विहीर, आणि मागच्या बोळात उघडणारं एक बुटकं दार. त्या दारामुळे लपंडावाला रंगत यायची. ज्याच्यावर राज्य आहे तो ओसरीवर आकडे मोजतोय, आपण मागच्या दाराने बोळात, बोळातून वळसा घालून पुन्हा पुढच्या दाराने आत, आणि त्याच्या पाठीवर थाप मारून ‘धप्पा!’ नुसतं न सापडण्यात मजा नव्हतीच. घर त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त ठाऊक आहे, ही जी गुदगुली असते ना, ती खरी मजा. चांगला स्टेल्थ, म्हणजे लपून खेळायचा, गेम ही गुदगुली बांधून देतो. पहारेकरी हुशार हवेत, कारण राज्य घेणारा मठ्ठ असेल तर धप्प्याला चव नाही. आणि घराला मागचं दार हवं.

‘डिसऑनर्ड 2’ मध्ये नऊ मोहिमा आहेत. त्यातली चौथी म्हणजे किरिन जिंदॉश या शोधकाची यांत्रिक हवेली. दिवाणखान्यात तू एक खटका ओढतोस आणि खोली उलगडते : भिंती सरकतात, जमीन खाली जाते, झुंबर असलेली खोली प्रयोगशाळा होते. जवळपास प्रत्येक समीक्षकाने हिचं कौतुक केलं, आणि बहुतेकांनी कौतुक केलं ते या उलगडण्याचं. माझ्या मते तो दिखावा आहे, आणि जिंदॉशलाही तो दिखावाच हवा आहे. तुझ्यावर त्याचं लक्ष आहे, तो बोलतोय, तुला त्याच्या तालावर नाचवतोय. खरी कमाल पुढे आहे. खोली सरकत असताना क्षणभर एक फट पडते. त्या फटीतून आत शिरलास तर भिंतींच्या मागचा सांगाडा दिसतो, दातेरी चाकं, फळ्या, अंधार. तिथून वर चढत गेलास तर जिंदॉशला तू घरात आहेस याचा पत्ताही न लागता त्याच्या पाठीशी पोचता येतं. गेममध्ये यासाठी एक वेगळी नोंदही आहे, ‘सायलेन्स’ नावाची. आमच्या पार्लरमध्ये दुसऱ्या रात्री मित्राचा धाकटा भाऊ त्या फटीत घुसला तेव्हा आम्ही तिघंही उठून उभे राहिलो. मागचं दार सापडलं होतं.

आता विचार कर. ज्याला उद्या सकाळपर्यंत मजकूर द्यायचाय तो समीक्षक हे करेल का? करणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. तो खटके ओढत पुढे जाईल, यंत्रसैनिकांशी लढेल, जिंदॉशला गाठेल. लपत खेळणाऱ्याला धावत-मारत जाणाऱ्याच्या दुप्पट वेळ सहज लागतो, कारण पकडलं गेलं की सेव्ह केलेल्या जागेवरून पुन्हा सुरुवात. एका दिवसात हा गेम नीट तपासून होत नाही. त्यामुळे काही नियतकालिकांनी आधी ‘परीक्षण सुरू आहे’ अशी टिपणं छापली आणि गुण नंतर दिले. तू जुनी परीक्षणं काढशील तेव्हा अशी उशिरा आलेली परीक्षणं आधी वाच. त्यांत खोली जास्त असते.

सातवी मोहीम, ‘अ क्रॅक इन द स्लॅब’, हिच्याबद्दल मात्र घाईतल्यांनी आणि निवांत खेळलेल्यांनी एकच सूर लावला. अॅरॅमिस स्टिल्टन या खाणमालकाची पडकी कोठी. तिथे तुझ्या सगळ्या शक्ती बंद पडतात आणि हातात येतं एक यंत्र, त्याने तू वर्तमानातून तीन वर्षं मागे आणि पुन्हा वर्तमानात उडी मारू शकतोस. यंत्राची काच उघडली की दुसऱ्या काळातली तीच खोली दिसते : इथे कोळीष्टकं आणि मोडलेला जिना, तिथे दिवे लावलेले आणि पहारेकरी फिरताहेत. जिना मोडलाय? मागच्या काळात जा, चढ, परत ये. पहारेकरी आडवा आला? दुसऱ्या काळातून त्याच्या पाठीमागे जाऊन ये. मागच्या काळात केलेल्या एका कृतीने आजचं घरच काय, एका माणसाचं आयुष्यही बदलतं. ते काय, हे तुझ्या लेखात सांगू नकोस; वाचणाऱ्याला स्वतः सापडू दे. चाचणी करणारा म्हणून मला या मोहिमेचं विशेष वाटतं ते असं : एकाच जागेचे दोन पूर्ण नकाशे सतत जिवंत ठेवायचे आणि खेळाडू कुठल्याही बिंदूवरून उडी मारू शकतो, म्हणजे तो भिंतीत अडकणार नाही याची खात्री प्रत्येक बिंदूसाठी करायची. ज्यांनी ती खात्री केली त्यांच्या कष्टांची मला कल्पना आहे.

समीक्षकांनी आणखी एक बदल नेमका टिपला. पहिल्या भागात एक कुचंबणा होती. हातात सगळी अवजारं मारायची, आणि मारलं की शहर आणखी सडतं, शेवट काळा होतो. कोणाला न मारता खेळायचं तर अर्धी अवजारं पिशवीतच राहायची. दुसऱ्या भागात झटापटीतही समोरच्याला जिवंत बेशुद्ध करता येतं, वरून उडी मारूनही. शिवाय राणी एमिली आणि तिचा पिता कॉर्वो यांतून एक पात्र निवडता येतं आणि दोघांच्या शक्ती वेगळ्या. एमिलीची ‘डॉमिनो’ तर अशी की तीन-चार माणसं एकमेकांना बांधून टाकायची, एकाला झोपवलं की सगळे झोपतात. हवं तर सुरुवातीलाच सगळ्या शक्ती नाकारून निव्वळ हातापायांवर गेम पूर्ण करता येतो. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ मध्ये याला सर्वोत्तम अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचरचा मान मिळाला. तो योग्यच होता, असं मी ठामपणे म्हणतो.

कथेवर टीका झाली आणि ती रास्त आहे. पहिल्या भागात सिंहासन हिसकावलं जातं आणि नायक पळून जाऊन एकेकाला गाठतो. दुसऱ्या भागातही सिंहासन हिसकावलं जातं आणि नायक किंवा नायिका पळून जाऊन एकेकाला गाठते. खलनायिका डेलायला ही पहिल्या भागाच्या 2013 मधल्या जोडकथांतून आलेली. त्या न खेळलेल्याला तिचा राग कुठून आला ते कळतच नाही. एमिलीकडे राणी म्हणून शिकण्यासारखं पुष्कळ होतं, गेम जिथे घडतो त्या कार्नाका शहराच्या खाणींतली धूळ, रक्तमाश्यांनी भरलेली घरं, तिच्या राज्यात हे चालू होतं आणि तिला पत्ता नव्हता. लेखकांनी हा धागा हातात घेतला आणि शेवटी सोडून दिला. मला याची हळहळ वाटते, कारण भिंतींवरची पत्रं, लोकांची कुजबुज, घरांची रचना यांतून तीच गोष्ट फार सुंदर सांगितलेली आहे.

उलट, ‘गेम फार अवघड, पहारेकरी लांबूनच बघतात’ ही तक्रार मला मान्य नाही. राज्य घेणारा जागा आहे, एवढंच. आणि ‘लहान आहे’ म्हणणारे तर एकाच वाटेने जाऊन परत आलेत.

सहाव्या मोहिमेतल्या जिंदॉशच्या कुलुपाबद्दल परीक्षणांत फार थोडं आलं. लेडी विन्स्लो, डॉक्टर मार्कोला वगैरे पाच बायका, कोणी कुठल्या रंगाचे कपडे घातले, कोण कुठून आली, काय प्याली, हे सूचनांवरून लावायचं, मग दार उघडतं आणि जवळपास अख्खी मोहीम टळते. उत्तर प्रत्येक नव्या खेळात बदलतं, त्यामुळे दुसऱ्याचं उत्तर चोरून उपयोग नाही. पार्लरमध्ये पोरांनी ते वहीच्या मागच्या पानावर तक्ता आखून, मराठीत भांडत सोडवलं. पुढच्या हाणामाऱ्यांची परवड चुकवून निव्वळ डोक्याने आत जाण्याची वाट देणं, ही मला फार मोठ्या मनाची रचना वाटते. तुझ्या लेखात यावर एक परिच्छेद लिही, कारण मराठीत यावर लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

दुसऱ्या भागावर लोक चिडतात तेव्हा नेहमीच मशीन कारण नसतं, हेही लक्षात ठेव. ‘मेटल गिअर सॉलिड 2’ (2001) ला मेटाक्रिटिकवर 96 आहेत, तरी असंख्य खेळाडू वर्षानुवर्षं नाराज होते, कारण जाहिरातींत आधीचा नायक स्नेक दाखवून गेम सुरुवातीच्या भागानंतर रायडेन नावाच्या भलत्याच तरुणाच्या हाती दिला होता. तो राग अपेक्षाभंगाचा होता आणि पुढे निवळत गेला. माहितीवर ताबा कोणाचा, हा त्या गेमचा विषय लोकांना बऱ्याच वर्षांनी उमगला. आर्केनच्याच पुढच्या गेमचं, ‘प्रे’ (2017) चं उदाहरण याच्या उलट आहे. त्याच्याही प्रती उशिरा गेल्या. आयजीएन या गेमविषयक संकेतस्थळाच्या समीक्षकाच्या पीसीवर सेव्ह फाइल बिघडत राहिली, गेम संपवता येईना, म्हणून त्याने दहापैकी 4 दिले. दोष दुरुस्त झाल्यावर 8 केले. पहिला आकडा त्या दिवशीच्या गिऱ्हाइकासाठी प्रामाणिक होता, दुसरा नंतरच्या गिऱ्हाइकासाठी. मला त्या समीक्षकाचं वागणं आवडलं.

आता तुझ्या लेखाबद्दल. वर पहिल्या दोन ओळींत स्पष्ट लिही : कशावर खेळलो, कुठल्या पात्राने खेळलो, लपून की लढून, शक्ती घेतल्या की नाकारल्या. गुण देऊ नकोस. पीसीवर खेळणार असशील तर आणखी एक काळजी घे, ही खास आपल्या गावची. मे महिन्यात 45 अंशांत कूलरसमोर ठेवलेली मशीन आणि डिसेंबरातली मशीन एकसारखी चालत नाही. माझ्या खोलीत एका उन्हाळ्यात दुपारी दोनला मी नोंदवलेला एक दोष रात्री अकराला सापडेचना; प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करत होता, गेम निर्दोष होता. त्या दिवसापासून तापमान लिहिल्याशिवाय मी फ्रेम रेट लिहीत नाही. तूही पहाटे एकदा आणि दुपारी एकदा तोच प्रसंग चालवून बघ. कॅबिनेटची जाळी आधी साफ कर, कूलरची ओल आणि आपल्याकडची धूळ मिळून पंख्यावर थर धरतो.

पहिल्या खेपेला एमिली घे आणि शक्ती घे. नाकारण्याची खेप दुसरी असू दे. जिंदॉशच्या हवेलीत पोचलास की खटका ओढण्याआधी जरा थांब, खोली बघून घे. ओढल्यावर फट कुठे पडते ते डाव्या-उजव्या बाजूला शोध. सापडली तर कोणालाही न विचारता आत जा, आणि तिथे काय वाटलं ते त्याच रात्री लिहून काढ. लेखाचा तेवढा भाग मला आधी पाठव.